नानिक मोटवाने: गांधीजींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेणारा माणूस (आणि तुमच्या जुन्या पिकअपचे स्पीकर)

आज एक छोटं काम करा. फोनवर गांधीजी, नेहरू किंवा सरदार पटेल भाषण करतानाचे जुने ब्लॅक अँड व्हाईट फोटो शोधा आणि माईकवर झूम करा. बऱ्याच फोटोंमध्ये माईकला एक छोटी पाटी लावलेली दिसेल आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असेल, शिकागो रेडिओ. नाव वाचून वाटतं की ही कंपनी अमेरिकेची असणार. पण तिचा पत्ता होता मुंबईचा आणि ती चालवणारं कुटुंब होतं सिंधी. त्या कुटुंबातल्या नानिक मोटवाने यांच्याबद्दल आजचा हा लेख आहे.

आता टेक्नॉलॉजीच्या साईटवर हा माणूस कुठून आला? सांगतो. मी मूळचा पाचोऱ्याचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गावी गेलो की इंजिनीअर म्हणून मला एक प्रश्न हमखास येतो: जुन्या पिकअपला कोणते स्पीकर टाकू? आमच्याकडे सिंगल केबिनची पिकअप म्हणजे घरातला कमावता माणूस. कापूस जिनिंगला न्यायचा, केळी आणि भाजीपाला मार्केटला न्यायचा, लग्नाचं सामान पोहोचवायचं, सगळं तिच्यावर. माझा एक शाळासोबती अशीच गाडी भाड्याने चालवतो. तो रात्री निघतो, चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढून संभाजीनगरला माल उतरवतो आणि परत येतो. डिझेल इंजिनाच्या घरघरीत त्याला फोनवर व्यापारी काय बोलतोय ते कळत नाही, मॅपवरची बाई काय सांगतेय ते ऐकू येत नाही. दुकानदाराने त्याला खोक्यावर हजारो वॉट छापलेले स्पीकर, वर अँप्लिफायर आणि बेस ट्यूब असं सगळं हप्त्यावर घ्यायला सांगितलं होतं. म्हणजे कित्येक खेपांची कमाई गेली त्यात.

या प्रश्नाचं उत्तर मला मोटवाने यांच्या कामात दिसतं. त्यांच्यासमोरचा प्रश्न मोठा आवाज काढायचा नव्हताच. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द स्पष्ट कळले पाहिजेत, हा प्रश्न होता. वरवर दोन्ही सारखं वाटतं, पण फरक खूप आहे.

सक्खर ते मुंबई

गोष्ट सुरू होते सिंधमधल्या सक्खर गावात. हे गाव आज पाकिस्तानात आहे. नानिक यांचे वडील ग्यानचंद चंदुमल मोटवाने यांनी १९०९ मध्ये तिथे ईस्टर्न इलेक्ट्रिक अँड ट्रेडिंग कंपनी सुरू केली. त्या काळात वीज ही बहुतेक गावांसाठी ऐकीव गोष्ट होती. अशा वेळी विजेच्या सामानाचा धंदा काढणं म्हणजे आज आपल्या तालुक्याच्या गावात ड्रोनचं दुकान टाकण्यासारखं होतं. पुढे धंदा कराचीत आला आणि १९१९ मध्ये मुंबईत. टेलिफोन, मग रेडिओ, असं काम वाढत गेलं आणि कंपनी शिकागो रेडिओ या नावाने ओळखली जाऊ लागली.

नानिक या धंद्यातच मोठे झाले. सामान परदेशातून मागवायचं, खोलून बघायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं आणि पुढे तसंच इथे बनवायचं. आज आपण त्याला रिव्हर्स इंजिनीअरिंग म्हणतो. त्या काळात कॉलेजात हे कोणी शिकवत नव्हतं, दुकानातच शिकायला मिळायचं.

एक बारीक आवाज, हजारो कान

१९२० च्या दशकाच्या शेवटी काँग्रेसच्या सभांना प्रचंड गर्दी व्हायला लागली. गांधीजींचा आवाज बारीक. ते कधी ओरडून बोलणारे नव्हतेच. मोठ्या सभेत वेगवेगळ्या बाजूंना व्यासपीठं असायची आणि गांधीजी एका व्यासपीठावरून दुसऱ्यावर जाऊन बोलायचे, म्हणजे प्रत्येक बाजूच्या लोकांना थोडं तरी ऐकू यावं. १९२९ च्या सुमारास नानिक यांनी हे बघितलं. तेव्हा ते ऐन विशीत होते, साधारण माझ्याच वयाचे. बाकीच्यांना त्यात महात्म्याची तळमळ दिसली असेल. नानिक यांना त्यासोबत सोडवता येण्याजोगा एक तांत्रिक प्रश्नही दिसला.

प्रश्न किती अवघड होता ते गणिताने बघू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. साधं बोलणं १ मीटरवर साधारण ६० ते ६५ डेसिबल असतं. २, ४, ८, १६, ३२ मीटर असं पाच वेळा अंतर दुप्पट झालं की ३० डेसिबल गेले. उरले ३०-३५. एवढा आवाज रात्रीच्या शांत खोलीतच कळतो. हजारो माणसं बसलेल्या मैदानात लोकांची कुजबुजही याहून मोठी असते. म्हणजे ३२ मीटरच्या मागे बसलेल्या माणसाने सभेला जाऊन फक्त दर्शन घ्यायचं. ऐकायचं काहीच नाही.

कराची, मार्च १९३१

लाऊडस्पीकर तोपर्यंत जगात आला होता. पीटर जेन्सन हा डेन्मार्कचा माणूस आणि त्याचा अमेरिकन साथीदार एडविन प्रिडहॅम यांनी कॅलिफोर्नियात त्यावर काम केलं. चुंबकाच्या फटीत तारेची छोटी गुंडाळी बसवायची. तिच्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह गेला की ती पुढे-मागे हलते, तिला जोडलेला पडदा हवा ढकलतो आणि आवाज निघतो. त्यावर भोंगा लावून त्यांनी डिसेंबर १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या गर्दीसमोर प्रयोग केला. पुढे १९२५ मध्ये राईस आणि केलॉग यांनी भोंग्याऐवजी कागदी कोन वापरून त्याला आजचं रूप दिलं. तुमच्या पिकअपच्या दारातला स्पीकर म्हणजे हीच रचना. शंभर वर्षांत चुंबक सुधारले, कागदाच्या जोडीला प्लास्टिक आलं, पण मूळ युक्ती तीच राहिली.

नानिक यांनी हे तंत्र काँग्रेसच्या मांडवात आणलं. १९३१ च्या मार्च महिन्यात कराचीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, अध्यक्ष होते वल्लभभाई पटेल. त्याच्या थोडंच आधी, २३ मार्चला, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली होती. तरुण संतापलेले होते. गांधीजी तिथे पोहोचले तेव्हा त्यांच्याविरुद्ध काळी निशाणं दाखवली गेली. अशा वेळी नेत्याचा एखादा शब्द अर्धवट ऐकू आला, चुकीचा ऐकू आला, तर काय होईल याची कल्पना करा. मागे बसलेला माणूस पुढच्याला विचारणार, तो आणखी पुढच्याला, आणि तिसऱ्या तोंडी वाक्याचा अर्थच बदललेला असणार. व्हॉट्सअपवर फॉरवर्ड होत होत बातमीचं जे होतं, तेच. या अधिवेशनात शिकागो रेडिओचे माईक आणि लाऊडस्पीकर लागले आणि नेत्याचा शब्द नेत्याच्याच आवाजात मागच्या रांगेपर्यंत गेला.

इथून पुढे काँग्रेसची मोठी सभा म्हटलं की शिकागो रेडिओचे भोंगे, हे ठरूनच गेलं. नानिक आणि त्यांची माणसं सामान घेऊन देशभर फिरू लागली. सभेच्या आधी जायचं, जागा बघायची, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या, तपासून बघायचं. लोकांना दिसायचा तो व्यासपीठावरचा माईक. खरं काम चालायचं त्याच्यामागे.

आपल्या खानदेशातलं अधिवेशन

आता आपल्या भागात येऊ. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन आपल्या जळगाव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व खानदेशात, फैजपूरला झालं. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयारीसाठी जिवाचं रान केलं. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्याच सामानातून सजावट केली. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या भरून शेतकरी आले.

खेड्यातल्या मोकळ्या रानात ध्वनिव्यवस्था करायची म्हणजे काय, ते आपण इंजिनीअरच्या नजरेने बघू. पहिली अडचण वीज. खेड्यात वीज असेलच असं धरून चालता येत नाही, म्हणजे बॅटरी किंवा जनरेटर आला. तेव्हाचे अँप्लिफायर व्हॉल्व्हचे, त्यांना शेकडो व्होल्ट लागतात. बॅटरीचे थोडे व्होल्ट वाढवून द्यायला वेगळं यंत्र हवं. दुसरी अडचण तार. तार जितकी लांब आणि बारीक, तितकी शक्ती तारेतच जळते. तिसरी अडचण वेळ. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दोन भोंग्यांमध्ये ३४ मीटरचा फरक असेल तर एकाचा शब्द दुसऱ्याच्या एक दशांश सेकंद मागून येतो आणि ऐकणाऱ्याला घुमल्यासारखं वाटतं. म्हणून भोंगे कुठे लावायचे आणि कोणत्या दिशेला तोंड करायचं, हे ठरवण्यातच अर्धं काम असतं. एकच राक्षसी भोंगा लावला तर पुढच्यांचे कान फाटतात आणि मागच्यांना गोंगाट ऐकू येतो.

या तिन्ही अडचणी लक्षात ठेवा. तुमच्या पिकअपमध्येही याच आहेत, फक्त मैदानाऐवजी केबिन आहे.

१९४२: भोंग्याऐवजी गुप्त रेडिओ

मोटवाने यांच्या आयुष्यातला सगळ्यात जोखमीचा भाग ऑगस्ट १९४२ नंतरचा. छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटेपासून नेते तुरुंगात गेले. सभा बंद, वर्तमानपत्रांवर बंधनं. मग मुंबईत काही तरुणांनी गुप्त रेडिओ केंद्र काढलं, काँग्रेस रेडिओ. उषा मेहता ही त्यातली २२ वर्षांची विद्यार्थिनी. ४२.३४ मीटरवर प्रक्षेपण चालायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण ७ मेगाहर्ट्झ. पोलीस सिग्नलचा माग काढत होते म्हणून जागा सारखी बदलावी लागायची. आज लोकेशन बंद ठेवून फोन वापरतात तसं, पण पकडलं तर थेट तुरुंग.

ट्रान्समीटर काही भाषणाने बनत नाही. त्याला सामान लागतं आणि हात लागतात. त्या कामात शिकागो रेडिओचा हात असल्याचा पोलिसांना संशय आला. १२ नोव्हेंबर १९४२ ला केंद्र पकडलं गेलं. पाच जणांवर खटला चालला, त्यात नानिक मोटवाने होते. विचार करा, चालता धंदा, परदेशी मालावर अवलंबून असलेलं दुकान, युद्धाचे दिवस, आणि मालकच आरोपीच्या पिंजऱ्यात. १९४३ मध्ये निकाल लागला. उषा मेहता, बाबूभाई खाकर आणि चंद्रकांत झवेरी यांना शिक्षा झाली. नानिक मोटवाने आणि विठ्ठलदास झवेरी निर्दोष सुटले.

मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याच्या हातात ध्वनीचं यंत्र आहे, त्याला राजकारणापासून लांब राहता येतंच असं नाही. कोणाचा आवाज लोकांपर्यंत जाणार हे ठरवण्यात त्याचाही वाटा असतो. आज ॲप बनवणाऱ्या आमच्यासारख्यांनीही हे लक्षात ठेवावं.

स्वातंत्र्यानंतरही मोठमोठ्या सभांमध्ये शिकागो रेडिओची पाटी दिसत राहिली. नानिक यांनी अनेक भाषणं ध्वनिमुद्रित करून ठेवली. मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. ते जाऊन आता अर्धशतक उलटून गेलंय.

मोटवाने अजून आपल्या हातात आहेत

तुम्ही आयटीआय किंवा पॉलिटेक्निक केलं असेल तर मोटवाने हे नाव तुम्ही वाचलंय, लॅबमधल्या मल्टीमीटरवर. या घराण्याची मोटवाने मॅन्युफॅक्चरिंग कंपनी आपल्या नाशिकला आहे. आणि जुन्या पिकअपचे स्पीकर बदलताना सगळ्यात आधी लागतो तो मल्टीमीटरच. मोटवाने यांनी फैजपूरसारख्या मैदानात ज्या क्रमाने विचार केला असता, त्याच क्रमाने मी मित्राच्या गाडीचं काम सांगतो.

१. आधी मोजा. जुना स्पीकर तारेतून सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं तपासा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३ ते ४ दाखवतो. काहीच रीडिंग नाही तर आतली गुंडाळी तुटली. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. रीडिंग ठीक असेल आणि कोन फाटलेला नसेल, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. मित्राच्या गाडीत एका बाजूची तार फक्त पिळून टेप लावलेली होती आणि टेप उन्हाने सुटलेली.

२. तार बघा. तारेत आणि गंजलेल्या जोडात मिळून १ ओहम अडला तर ४ ओहमच्या स्पीकरकडे निघालेल्या शक्तीतला पाचवा हिस्सा वाटेतच जातो. जोड सोल्डर करा किंवा चांगले क्रिंप करा.

३. खोक्यावरच्या वॉटवर जाऊ नका. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. साध्या प्लेअरमधून ४ ओहमच्या स्पीकरला जास्तीत जास्त किती स्वच्छ शक्ती मिळेल? १४.४ गुणिले १४.४ भागिले ८, म्हणजे साधारण २६ वॉट. प्रत्यक्षात १५ ते २० धरा. मग प्लेअरवर ५० लिहिलेलं असो की स्पीकरवर ५००, काय उपयोग? बघायचा तो आरएमएस आकडा.

४. सेन्सिटिव्हिटी बघा. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८९ ऐवजी ९२ चा स्पीकर घेतला तर तोच प्लेअर दुप्पट शक्तीचा असल्यासारखा वाजतो. अँप्लिफायरचा खर्च बऱ्याचदा इथेच वाचतो.

५. माप घ्या. काच पूर्ण खाली करून दारात किती खोली उरते ते मोजा. चुंबक काचेला लागला तर सगळं काम वाया. सिंगल केबिनमध्ये मागे जागा नसते आणि गरजही नसते. कान आणि दार यांत हाताचं अंतर, दोन चांगले स्पीकर भरपूर झाले.

६. दार बंद करा. म्हणजे दाराच्या पत्र्यातली भोकं. कोनच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळला की बेस मरतो. भोकं झाका, स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावा, थरथरणाऱ्या पत्र्यावर डॅम्पिंगची शीट चिकटवा. पाणी निघायची खालची भोकं मात्र उघडी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दार सडेल.

७. अधिक-उणे जुळवा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं अधिक टोक जिथे लागलं ते स्पीकरचं अधिक. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोघं एकमेकांचा बेस खातात.

८. बोलण्यावर तपासा. गाणं लावून सगळेच खूश होतात. तुम्ही इंजिन चालू ठेवून बातम्या लावा, कोणाला तरी फोन लावा. शब्द न् शब्द कळला पाहिजे.

आणि हे सगळं केबिनच्या आतलं झालं. गाडीच्या टपावर भोंगे किंवा मागे डीजेची भिंत लावायची असेल तर नियम वेगळे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. केबिनमध्येही सतत ८५ डेसिबलच्या वर ऐकत राहिलात तर कान कायमचे जातात, आणि त्यांचा स्पेअर पार्ट मिळत नाही.

मित्राने शेवटी हप्त्याची खरेदी केली नाही. तारा बदलल्या, दारं झाकली आणि मध्यम किमतीचे दोन ६ इंची स्पीकर घेतले. परवा तो घाटात असताना मी त्याला फोन केला. गाडी चढावर होती, इंजिन ओरडत होतं, आणि माझं बोलणं त्याला एकदाही परत विचारावं लागलं नाही.